सुट्टीनंतर वॉश खाली दगड होऊन बसतो आणि वर नुसतं पाणी: आम्ही काय मोजलं, काय बदललं

गेले काही महिने आसपासच्या फाउंड्रीवाल्यांकडनं एकच प्रश्न येतोय, कोअरला (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) लावायचा वॉश, म्हणजे मेटल वाळूत शिरू नये म्हणूनचा पातळ लेप, ड्रममध्ये टिकत नाही, सुट्टीनंतर पहिल्या शिफ्टची कास्टिंगं खराब निघतात, काय करायचं. आमच्याकडं हेच दोन वर्षं चाललं होतं म्हणून सगळं सविस्तर लिहालोय, जरा लांब होईल पण वाचा.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कोअर शॉप बघतो. आमचा वॉश पाण्यातला, झिरकॉन या जड खनिजाचं पीठ मुख्य, त्यात थोडं ग्रॅफाइट, बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती), आणि बांधायला रेझिन. कोअर डिपिंग टँकमध्ये बुडवायचा, निथळायचा, ओव्हनला टाकायचा. तर व्हायचं काय, आठवडाभर काम बरं, आणि सुट्टी झाली की पहिल्या दिवशीच्या पंप केसिंगमध्ये आतल्या बाजूला वाळू चिकटून यायची, मेटल वाळूत शिरलेलं, फेटलिंगवाले (कास्टिंग साफ करणारे) ग्राइंडर मारून मारून कंटाळायचे. गणपतीच्या सुट्टीनंतर तर पहिले दोन दिवस रिजेक्शनच रिजेक्शन. सगळ्यांनी आधी वाळूला दोष दिला, मग मेटलच्या टेंपरेचरला, मग कोअर बनवणाऱ्या पोरांना. वॉशकडं कुणी बघितलंच नाही कारण रजिस्टरमध्ये बॉमेचं (घनतेच्या मापाचं) रीडिंग रोज बरोबर लिहिलेलं होतं.

ते रीडिंगच खोटं होतं, मुद्दाम कुणी लिहिलेलं नव्हे, मापायची पद्धतच चुकीची. बॉमे हायड्रोमीटर पातळ द्रवासाठी चांगला, पण बेंटोनाइट घातलेला वॉश स्थिर राहिला की दह्यासारखा धरतो, आणि मग हायड्रोमीटर तुम्ही जिथं सोडाल तिथंच अडकतो. जोरात सोडला की खोल जातो, हळू सोडला की वर राहतो. एकाच टँकमध्ये मी पाच मिनिटांत तीन वेगळी रीडिंगं घेतली तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्यात वॉशमध्ये हवेचे बुडबुडे असतील तर आणखी गोंधळ.

म्हणून पहिलं काम, वजनाचा कप करा. स्टीलचा १०० मिलीचा कप, काठोकाठ भरायचा, वरनं पट्टीनं सपाट करायचा, बाहेरनं पुसायचा, काट्यावर ठेवायचा. कपाचं वजन वजा केलं की आकडा थेट घनता सांगतो, १७५ ग्रॅम आलं म्हणजे १.७५. ज्यांना बॉमेचीच सवय आहे त्यांच्यासाठी हिशोब असा, १४५ भागिले घनता, आणि ते १४५ मधनं वजा. १.७५ ला साधारण ६२ बॉमे येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा वरनं आणि एकदा तळातनं, दोन्हीकडचं घ्या. तळातलं घ्यायला आम्ही एक पीव्हीसी पाइप वापरतो, वरचं तोंड अंगठ्यानं बंद करून तळापर्यंत न्यायचा, अंगठा काढायचा, आत भरू द्यायचं, परत अंगठा लावून वर काढायचा. सुट्टीनंतर सकाळी सात वाजता, मिक्सर चालू करायच्या आधी, मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वरचा कप १५२ ग्रॅम आणि तळातला २०८. त्यापेक्षा खाली पाइप गेलाच नाही, टक् करून थांबला. म्हणजे एकाच टँकमध्ये दोन वेगळे वॉश होते आणि वरच्या पातळ वॉशमध्ये आम्ही कोअर बुडवत होतो. झिरकॉनचा थर निम्मासुद्धा बसत नसणार, मग मेटल वाळूत शिरणार नाही तर काय होणार.

त्यावर आणखी एक गोष्ट घडत होती. आमच्या कोअर शॉपात एक मामा आहेत, तीस वर्षांचा अनुभव, हात लावून वॉश ओळखतात. मामा काठी तळात घालून ढवळायचे, काठीला घट्ट लागलं की म्हणायचे, "ओ सर, घट्ट झालाय, पाणी मारतो", आणि दोन तांबे पाणी ओतायचे. मामांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या हाताला जे लागलं ते खरंच घट्ट होतं. पण ते तळातलं होतं. वर आधीच पातळ, त्यात आणखी पाणी, आणि दुपारपर्यंत ढवळून सगळं एक झालं की पूर्ण टँकच पातळ, तो पुढं तीन-चार दिवस तसाच. आता नियम असा की वीस मिनिटं मिक्सर चालल्याशिवाय आणि वर-खाली दोन्ही कप जवळपास सारखे आल्याशिवाय पाण्याचा तांब्या टँकजवळ न्यायचा नाही.

आता हे का बसतं, ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. झिरकॉनची घनता ४.६ च्या आसपास, पाण्याची १. कण पाण्यात किती वेगानं खाली जातो याचा नियम स्टोक्सनं १८५१ मध्ये मांडला, वेग कणाच्या आकाराच्या वर्गावर चालतो, म्हणजे कण दुप्पट मोठा तर वेग चौपट. मी गणित करून बघितलं, १० मायक्रॉनचा झिरकॉन कण साध्या पाण्यात ३० सेंटिमीटर खाली जायला साधारण २५ मिनिटं घेतो, आणि ४५ मायक्रॉनचा, म्हणजे ३२५ मेशच्या चाळणीवर अडकेल एवढा, सव्वा मिनिटात तळाला. घट्ट वॉशमध्ये कण एकमेकांच्या आड येतात म्हणून एवढ्या वेगानं जात नाहीत, पण अंदाज येतो. सुट्टी तर छत्तीस तासांची. आणि उन्हाळ्यात आणखी वाईट, पाणी २० डिग्रीवरनं ३० डिग्रीवर गेलं की त्याचा दाटपणा जवळजवळ पाचव्या हिश्शानं कमी होतो, तेवढ्यानंच बसायचा वेग पावपट वाढतो.

म्हणजे नुसत्या पाण्याच्या जिवावर झिरकॉन तरंगणारच नाही, त्याला धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे, आणि ते काम बेंटोनाइट करतं. बेंटोनाइटचे कण म्हणजे अगदी पातळ पापुद्रे, त्यांच्या कडांवर आणि पृष्ठभागावर वेगवेगळा भार असतो, त्यामुळं पाण्यात फुगले की ते कड-पृष्ठ असे एकमेकांना टेकून पत्त्यांचा बंगला उभा करतात. त्या बंगल्याच्या खोल्यांत झिरकॉनचे कण अडकून राहतात. ढवळलं की बंगला मोडतो आणि वॉश पातळ होऊन कोअरवर छान पसरतो, थांबलं की परत उभा राहतो. हा बंगला नीट उभा राहतोय की नाही, माझ्या मते सगळा खेळ तेवढाच.

इथं आमच्याकडनं एक मोठी चूक झाली ती सांगतोच, कारण अजून बऱ्याच ठिकाणी हाच सल्ला दिला जातोय. एका सप्लायरचा माणूस आला, म्हणाला डिस्पर्संट (कण सुटे करणारं रसायन) घाला, गुठळ्या मोडतील, वॉश स्टेबल होईल. घातला. फोर्ड कप नंबर ४ (तळाला भोक असलेला कप, तो रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं) मध्ये वॉशला १४ सेकंद लागायचे ते ११ वर आले, कोअरवर थर एकदम गुळगुळीत, सगळे खूश. मग तीन दिवसांची सुट्टी आली. परत आलो तर तळात चार बोटं जाड थर, पहारीनं फोडावा लागला, अक्षरशः खपल्या निघालेल्या.

घरी कुरडयांसाठी गव्हाचा चीक करतात तो आठवा. गहू भिजवून वाटून गाळून रात्रभर ठेवतात, सकाळी वरची निवळ ओतून देतात आणि खाली चीक असा घट्ट बसलेला असतो की पातेलं तिरकं केलं तरी हलत नाही. का? कारण एकेक कण सुटा सुटा खाली जातो आणि आपली जागा बघून फटीत नीट बसतो. डिस्पर्संट हेच करतो, प्रत्येक कणावर सारखाच भार चढवतो, कण एकमेकांना ढकलतात, जवळ येत नाहीत. पुस्तकात हीच स्थिरता म्हणून लिहिलेली असते, झेटा पोटेन्शियल (कणावरच्या भाराचं माप) अधिक किंवा उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडं गेलं की चांगलं असं धरतात, आणि कण एक मायक्रॉनच्या आतले असतील तर ते खरंच आहे, डेरयागिन-लँडाऊ आणि फेरवे-ओव्हरबेक यांनी १९४० च्या दशकात मांडलेला सिद्धांत तोच. पण आपला झिरकॉन वीस-तीस मायक्रॉनचा. त्याला कितीही भार चढवा, वजनानं तो खाली जाणारच, फक्त सुटा असल्यामुळं अगदी दाबून बसेल. उलट कण एकमेकांना हलके धरून असतील तर ते फुगीर, पोकळ असे खाली येतात, वर थोडी निवळ दिसते पण काठीच्या चार फेऱ्यांत सगळं परत मिसळतं.

म्हणून मी आता कुणी विचारलं की पहिलं हेच विचारतो, तुमचा तळ मऊ आहे की कडक? मऊ असेल तर बेंटोनाइट कमी पडतंय किंवा पाण्याचा घोळ आहे. कडक असेल तर डिस्पर्संट जास्त झालाय, किंवा बेंटोनाइट फुगलेलंच नाही. उपाय एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळं हे न बघता काही घालू नका.

बघायचं कसं, फार खर्च नाही. १०० मिलीचा काचेचा मेजरिंग सिलिंडर, नीट ढवळलेला वॉश १०० च्या रेघेपर्यंत भरा, तोंड प्लास्टिकनं बांधा, टेबलावर जिथं मशीनचा हादरा लागणार नाही तिथं ठेवा. २४ तासांनी वर किती मिली निवळ आली ते वाचा. आमचं सुरुवातीला २२ मिली यायचं. मग त्यात स्वेटर विणायची स्टीलची सुई अलगद सोडा, दाबायचं नाही, तिच्या वजनानं जाईल तेवढी जाऊ द्या. तळापर्यंत गेली तर मऊ. मधेच टक् करून थांबली तर ज्या उंचीवर थांबली तेवढा कडक थर. शेवटी सिलिंडर उलटा-सुलटा करा आणि किती वेळा उलटल्यावर सगळं एकसारखं झालं ते मोजा. दहा-बारा वेळात झालं तर मी पास धरतो, चाळीसनंतरही तळात चिकटलेलं दिसत असेल तर तो वॉश सुट्टी काढणार नाही. घाई आहे म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून निकाल काढू नका, एवढ्या जोरात पत्त्यांचा बंगलाच मोडतो आणि चांगला वॉशसुद्धा नापास होतो.

फोर्ड कपाबद्दल एक, तो फक्त वाहतानाचा दाटपणा सांगतो, थांबल्यावर वॉश धरतो की नाही ते नाही सांगत. ज्यांच्याकडं ब्रुकफील्ड (वॉशमध्ये स्पिंडल फिरवून दाटपणा मोजायचं यंत्र) आहे त्यांनी एकाच स्पिंडलनं ६ आणि ६० आरपीएमला दाटपणाचं रीडिंग घ्या, पहिल्याला दुसऱ्यानं भागा. १ च्या जवळ आलं म्हणजे धरायची ताकद नाही, जेवढं जास्त तेवढं चांगलं धरतंय, फार जास्त झालं तर कोअरवर ओघळाच्या रेषा पडतील. कुणी कॉलेजच्या लॅबमध्ये झेटा मोजून घेणार असेल तर सँपल पातळ करायला डिस्टिल्ड पाणी वापरू नका, त्याच वॉशची वरची निवळ वापरा, नाहीतर पाण्यातले क्षार बदलतात आणि आकडा भलत्याच वॉशचा येतो.

आता पाणी. आमचं अर्ध दुखणं इथंच निघालं आणि यापर्यंत पोचायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण वॉश तोच, माणसं तीच, पण पावसाळ्यात बरा आणि मार्च-एप्रिल आला की बिघडायचा. मी उन्हाचं कारण धरून बसलो होतो. मग लक्षात आलं की पावसाळ्यात नळाचं पाणी असतं, राकसकोप नाहीतर हिडकल धरणाचं, आणि उन्हाळ्यात नळ कमी झाला की आम्ही बोअरवर जातो. दोन बाटल्या घेतल्या, दोन्हीत बेंटोनाइट सारखंच, शंभर मिलीला पाच ग्रॅम, एकीत नळाचं पाणी, एकीत बोअरचं. दुसऱ्या दिवशी नळाची बाटली खिरीसारखी धरलेली, तिरकी केली तर हळूहळू सरकायची. बोअरच्या बाटलीत खाली फाटलेल्या दुधासारखे पुंजके आणि वर दोन बोटं स्वच्छ पाणी.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो ते सगळ्यांनी बघितलंय. तुरटीतलं ॲल्युमिनियम तीन भारांचं, ते मातीच्या कणांवरचा भार मारून टाकतं. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम दोन भारांचं, तेही हेच करतं, मिठातल्या सोडियमपेक्षा कितीतरी कमी मात्रेत. शिवाय सोडियम बेंटोनाइटमधला सोडियम हाकलून त्याची जागा कॅल्शियम घेतं, आणि कॅल्शियम बेंटोनाइट तेवढं फुगतच नाही. म्हणजे आम्ही चांगल्या प्रतीचं बेंटोनाइट विकत आणून आमच्याच पाण्यानं वाया घालवत होतो. आता वॉशसाठी आरओचं पाणी वेगळ्या टाकीत ठेवतो, पिण्याच्या प्लँटचंच, रोज फार लागत नाही. ज्यांना ते जमत नाही त्यांनी बोअरच्या पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा घालून, कॅल्शियमचा गाळ बसू देऊन, वरचं पाणी घ्यावं, पण किती ते दोन-तीन बाटल्यांत करून ठरवा, सोडा जास्त झाला तर तोही क्षारच, तोही बंगला पाडतो.

बेंटोनाइट कोरडं थेट टँकमध्ये टाकणं आजपासून बंद करा. बाहेरनं ओलं आतनं कोरडं अशा गुठळ्या होतात आणि त्या कधीच फुगत नाहीत. आम्ही आदल्या दिवशी वेगळ्या बादलीत साध्या पाण्यात जोरात ढवळून भिजत घालतो, निदान रात्रभर, आणि रेझिन, झिरकॉन वगैरे नंतर. क्रम उलटा केला तर फरक पडतो, करून बघितलंय.

पावसाळ्यात वेगळंच लचांड असतं, वॉश कुजतो. ज्यांच्या वॉशमध्ये सीएमसी, डेक्स्ट्रिन किंवा झँथन गम असला डिंकासारखा पदार्थ आहे त्यांना हे माहीत असेल, टँकचं झाकण काढलं की नासलेल्या ताकासारखा वास, पीएच खाली, आणि काल १४ सेकंद असलेला वॉश आज १०. जंतू गम खातात. बायोसाइड घालायचं, पण वास आल्यावर नव्हे, नवीन बॅच करतानाच, कारण सीएमसीला तोडणारं एन्झाइम जंतू मेल्यावरही पाण्यात काम करत राहतं. कुजलेल्या वॉशचा तळ न धुता त्यावर नवीन ओतला तर आठवड्यात तोही जातो. टँक रिकामी करा, खरवडून धुवा, मिक्सरच्या पात्याच्या मागची बाजूसुद्धा.

मिक्सरचं थोडक्यात. पातं तळापासनं दोन बोटांपेक्षा वर नको, आमचं एक वीत वर होतं, त्यामुळं वरचा वॉश फिरायचा आणि तळ तसाच. वेग एवढाच की मधे भोवरा पडू नये, भोवरा पडला की हवा आत जाते आणि कोअरवर बारीक छिद्रं. सुट्टीत टायमर लावून तासाला दहा मिनिटं चालवतो, लाइट गेली आणि परत आली तर टायमर आपोआप सुरू होतो की नाही ते एकदा तपासून घ्या. टँकमध्ये कोअरची वाळू पडत राहते ती आठवड्याला चाळणीनं काढा. आणि कोल्हापूर-पुण्याकडनं टेंपोत हादरे खात आलेला तयार वॉशचा ड्रम हादऱ्यानंच बसलेला असतो, तो उघडून वरचा ओतून घेऊ नका, ड्रम पूर्ण ढवळा, मग काढा.

स्पिरिट वॉश, म्हणजे पाण्याऐवजी आयपीएमधला (आयसोप्रोपिल अल्कोहोल), वापरणाऱ्यांनी वरचं बेंटोनाइटचं सगळं जसंच्या तसं घेऊ नका. साधं बेंटोनाइट आयपीएत फुगत नाही, त्यासाठी वेगळं ऑर्गॅनिक प्रक्रिया केलेलं बेंटोनाइट लागतं. आयपीए उडून जाऊन वॉश रोज घट्ट होतो, म्हणून झाकण आणि दिवसातनं दोन वेळा वजनाचा कप. आणि त्या टँकवर साधी मोटर लावू नका, फ्लेमप्रूफ किंवा हवेवर चालणारीच, यात कुणीही पैसे वाचवू नये.

आमचं आत्ताचं सांगतो. डिस्पर्संट जवळजवळ बंद केला, बेंटोनाइट तेवढंच ठेवलं पण भिजवून, पाणी आरओचं, पातं खाली आणलं. सिलिंडरमधली निवळ २२ वरनं ४ मिलीवर आली, सुई तळापर्यंत जाते. गेल्या गणपतीत चार दिवस बंद होतं, तेव्हा मुद्दाम टायमरपण बंद ठेवून बघितलं. उघडल्यावर वरचा कप १७१, तळातला १८०, पाइप तळाला टेकला आणि वर ओढताना चिकटला नाही. मामांनी स्वतः काठी घालून बघितलं, बराच वेळ फिरवली, मग मला म्हणाले, "आज पाणी नको, असाच चालू दे".

कुणाला अजून अडत असेल तर विचारताना एवढं सांगा, पाणी कुठलं, वरचा आणि तळाचा कप किती ग्रॅम, २४ तासांची निवळ किती मिली, आणि सुई कुठं थांबली. "वॉश बसतोय" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.